कुसळं पेरणारे मास्तर

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना नारळाच्या झाडाचा फार राग होता. खऱ्या झाडावर त्यांचा राग असायचं कारण नव्हतं, कारण ते त्यांनी फारसं पाहिलेलंच नव्हतं. राग होता तो वहीतल्या झाडावर. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की वर्गातली सगळी डोकी खाली जायची आणि थोड्या वेळाने प्रत्येक कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, डोंगरातून थेट अंगावर येणारी निळी नदी, एक झोपडी आणि झोपडीवर वाकलेला नारळ.

“नारळ कुठं बघितलास रं, पाटील?”

“कॅलिंडरवर, सर.”

“आन् ही नदी?”

“ती बी कॅलिंडरवरच.”

“मग घरनं कॅलिंडरच आणायचं की! तुला कशाला तरास?”

परवा तुम्ही दोघा नातवंडांनी परदेशातून फोनवर चिखलाने माखलेले हातमोजे दाखवलेत. शाळेमागच्या ओढ्याकाठचं बाहेरून आलेलं तण उपटून तिथली मूळची झुडपं आम्ही लावतोय, असं सांगितलंत. मी आणखी काही विचारू लागले तर धाकटी म्हणाली, “आजी, ते कॉम्प्लिकेटेड आहे, तुला नाही कळणार.” म्हणून हे लिहायला बसले आहे. बाळांनो, तुमच्या आजीने हे काम केलेलं आहे. हातमोज्यांशिवाय.

ऐंशीच्या आगेमागे तुमचे आजोबा माकणीच्या धरणाच्या कामावर इंजिनिअर होते. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत, आता धाराशिव म्हणतात. मी पुण्याहून इंग्रजीची पदवी घेऊन आलेली, नवी नवरी. घरात बसून कंटाळले आणि जवळच्या गावातल्या हायस्कुलात शिकवायला लागले. माझ्या पेटीत तेव्हाही साड्या रंगांच्या क्रमाने लावलेल्या असत. मास्तरांची गोष्टही क्रमानेच सांगायचं मी ठरवलं होतं, पण ते जिवंतपणी कुठल्या क्रमात बसले नाहीत, ते आता काय बसणार!

खुर्चीवरदेखील ते बसत नसत. वर्गात एक पालथं घमेलं होतं, त्यावर बसून शिकवायचे. खोडरबर दिसलं की जप्त. “चुकलं तर चुकू दे. फुडचं नीट काढ,” म्हणायचे. रस्त्याने जाताना कुठलंही पान तोडून चावायचे आणि चेहरा वाकडा झाला की खूश व्हायचे. आणि शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांना ते ‘पाटील’ म्हणत. मेंढपाळाचा मुलगा पाटील, बौद्धवाड्यातला मुलगा पाटील, मुली असल्या तर पाटलीणबाई. गावात हे सगळ्यांच्याच पचनी पडत होतं असं नाही. गावच्या खऱ्या पाटलांचा नातू एकदा रडवेला होऊन म्हणाला, “सर, सगळेच पाटील, तर मग मला काय म्हननार?”

“तुला व्हय? तुला नावानं हाक मारीन की. आईबापानं इतकं चांगलं नाव ठिवलंय, कुनी वापरतच न्हाय.”

आमच्या शाळेमागे एक माळ होता. बहात्तरच्या दुष्काळात तिथं खडी फोडायचं काम निघालं होतं. पोट भरायचं होतं, लोकांनी माळ अक्षरशः सोलून काढला. त्यात कुणाचा दोष नव्हता. मागे राहिला मुरूम, धोंडे आणि वेडी बाभूळ, म्हणजे परदेशातून आलेली एक काटेरी बाभूळ, जी तोडली की दुप्पट फुटते आणि आपल्याखाली दुसरं काही उगवू देत नाही.

एक दिवस नारळांना वैतागून मास्तर म्हणाले, “आज खिडकीतनं दिसतंय ते काढा. आपला माळ काढा.” सगळ्यांनी काही ना काही रेघोट्या ओढल्या. आठवीतल्या सुमनने मात्र कोरा कागद दिला. सुमन गयाबाईंची मुलगी. गयाबाईंची एक म्हैस होती, तिचं दूध त्या गावातल्या सहकारी सोसायटीला घालत आणि त्यावर घर चालवत. आई जितकी बोलकी तितकी ही मुलगी मुकी.

“पाटलीणबाई, चित्र कुठंय?”

“काढलंय की, सर.” इतक्या हळू म्हणाली की पुढच्या बाकालाही ऐकू गेलं नसेल. “तितं कायच न्हाय.”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तो कोरा कागद हातात धरला, खिडकीशी गेले, एकदा कागदाकडे आणि एकदा माळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “हिचं चित्र सगळ्यांत बराबर आलंय.” आणि तास अर्धा टाकून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. त्यांच्या लहानपणी त्या माळावर छातीइतकं गवत होतं म्हणे, त्यात हरवलेलं वासरू संध्याकाळपर्यंत सापडायचं नाही. ते गवत त्यांना चित्रात दाखवायचं नव्हतं, उगवून दाखवायचं होतं.

मुख्याध्यापक भित्रे पण भले होते. ते गावापुढे बोलले. गावाने माळ शाळेला तीन वर्षं वापरायला दिला. फक्त दूध सोसायटीचे चेअरमन उठून म्हणाले, “खेळू द्या मास्तरला. पर तीन वर्सांत तितं काय दिसलं न्हाय, तर जागा सोसायटीच्या इमारतीला द्यायची. दूध थंड करायची मशीन यायलीय, तिला छप्पर पायजे.” चेअरमन वाईट माणूस नव्हते. गावाला सोसायटीने खरोखर हात दिला होता. पण मास्तरांना तेव्हापासून एकच घोर लागला. इमारतीचे खांब एकदा माळात उतरले की ते गवत पुन्हा कधीच दिसणार नव्हतं.

मग सरकारी रोपवाटिकेतून निलगिरीची रोपं आली, तीही परदेशीच, गाडी भरून, फुकट. मास्तरांनी गाडी फाटकातूनच परत लावून दिली.

“अहो, फुकट देतायत!” मुख्याध्यापक कासावीस झाले.

“फुकट तर सर्दी बी मिळती, सर.”

गवताचं बी आणायचं कुठून? गावाच्या शिवारात कुरण उरलेलं नव्हतं. होतं फक्त एका ठिकाणी, गावाबाहेरच्या टेकडीवर दर्ग्याभोवती. बाबांच्या धाकाने तिथं कुणी गुरं सोडत नसे की विळा लावत नसे. मास्तर सगळी पलटण घेऊन तिथल्या मुजावरांकडे गेले. मीही गेले, कारण मुलींबरोबर कुणीतरी बाई हवी होती. मुजावरचाचांनी दाढी कुरवाळली. “बाबाची घास हाय, मास्तर. काडी कापू द्यायचा न्हाय मी. हां, चालताना अंगाला काय चिकटंल, ते तुमचं नशीब.”

आमची तोंडं उतरली. मास्तरांनी मात्र खाली वाकून स्वतःच्या पायजम्याकडे पाहिलं. तो गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरला होता. कुसळ म्हणजे एका रानगवताचं बी. सुईसारखं टोक आणि मागे पिळाची लांब शेपटी, कापडात शिरलं की सुटत नाही. मास्तरांनी टाळी वाजवली. “पाटील मंडळी! उद्या येताना घरनं घोंगडी आणायची!”

दुसऱ्या दिवशी आमची शाळा तुम्ही बघायला हवी होती. एका घोंगडीला दोन मुलं, दोन टोकं धरून, चपला काढून, पिकलेल्या गवतातून घोंगडी ओढत धावताहेत. टेकडीच्या या अंगाने त्या अंगाला, ओरडत, पडत, एकमेकांना मागे टाकत. काळी घोंगडी एका फेरीत सोनेरी व्हायची. कुणी काही कापलं नव्हतं. सगळं आपण होऊन चिकटलं होतं. मुजावरचाचा आधी गोंधळले, मग पायरीवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. “मास्तर, लई हुशार हाय तुम्ही. बाबाला बी फसवलं!”

“बाई,” मास्तर माझ्याकडे वळले, “तुमच्याकडं घोंगडी हाय का?”

“लोकरीचं ब्लँकेट आहे,” मी म्हणाले. “लग्नातलं.”

“मग? कशाला जपून ठिवलंय? आना की!”

मी आणलं. लाल होतं. पदर खोचून सुमनबरोबर ते ओढत मी टेकडीवरून धावले. बाळांनो, कॉलेजात मला बक्षिसं मिळाली होती, पण असा आनंद मला तोवर झालेला नव्हता. तुमच्या आजोबांनी ते ब्लँकेट पुढे कधी अंगावर घेतलं नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

ती घोंगडी माळावर आणून पुन्हा ओढायची, झटकायची, मुलांनी त्यावर नाचायचं, की कुसळं मुरुमाच्या भेगांत. पहिल्या पावसाने चांगली ओल झाली की कुसळाची शेपटी पिळा घालते आणि टोक आपणच जमिनीत शिरतं. पेरणीला माणूस लागत नाही. गावात अर्थातच हशा झाला. शेतकरी कुसळं उपटून फेकतात, मेंढ्यांच्या अंगात शिरतात म्हणून शिव्या देतात, आणि हा मास्तर पेरतोय! त्यांचं नावच पडलं, ‘कुसळं पेरणारे मास्तर’. एकदा पारावरून कुणीतरी विचारलं, “काय मास्तर, यंदा काय पेरलालाव? गोखरू का?”

“न्हाय, कुसळच. त्यानं माती धरली की त्याच्या आडोशाला पवना येतंय, मारवेल येतंय, चांगली चांगली गवतं. आदुगर आडदांड भाऊ शाळेत घालायचा. मग धाकटी बिनधास येत्यात.”

बोरांच्या दिवसांत तर त्यांनी गृहपाठच दिला. माळावर जाऊन बोरं खायची आणि बिया खड्ड्यांत थुंकायच्या. मुख्याध्यापकांनी हा प्रकार व्हरांड्यातून पाहिला, शंभरावर मुलं रांगेत उभी राहून नेम धरून थुंकताहेत, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. वेडी बाभूळ मुलांनी मुळापासून खणून काढली. तिच्याच फांद्या आणि बोरीचे काटे रचून माळाभोवती उंच कुंपण घातलं. मास्तर सांगत, “उगवायचं आपल्या हातात न्हाय. राखायचं तेवढं हाय.”

पहिल्या पावसाळ्यानंतर माळाकडे बघून मला रडू आलं. इथं चार काड्या, तिथं दोन. मास्तर मात्र पोटावर झोपून ते गवत बघत होते आणि “आलं आलं आलं!” करत होते. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र ते खरंच आलं. श्रावणात पोटरीइतकं, दसऱ्याला कमरेइतकं, वारा आला की सगळा माळ एका बाजूला वळायचा. तरवड पिवळा फुलला. आणि एक दिवस चंडोलाने गवताच्या बुडाशी घरटं केलं. बातमी इतकी मोठी होती की मास्तरांनी सगळा वर्ग पोटावर झोपवला आणि सरपटत नेला. नेमके त्याच दिवशी तपासणीला शिक्षणाधिकारी आले. त्यांना शाळेत मुलं दिसेनात. माळावर आले, तर गवतातून नुसते तळपाय बाहेर.

“हे काय चाललंय?” साहेब कडाडले.

गवतातून मास्तरांचा आवाज आला, “साहेब, आदुगर खाली बसा. अंडी हायत.”

साहेब बसले. खरंच बसले, पँट सावरून. अंडी पाहिली. जाताना शेऱ्यात काय लिहिलं मला माहीत नाही, पण मोटारीत बसताना ते गालातल्या गालात हसत होते.

आता होळी. तिसऱ्या वर्षीची. मुदत संपत आली होती, होळीनंतर आठवड्याने ग्रामसभा ठरली होती. त्या वर्षी पाऊस पुन्हा कमी पडलेला, शिवारात हिरवं-वाळलं काहीच नाही, आणि कुंपणाआड आमचा माळ पिवळ्याजर्द वाळल्या गवताने भरलेला. गावातली गुरं काट्यांपलीकडून त्याच्याकडे टक लावून उभी राहायची.

होळीची लाकडं चोरूनच आणायची असतात, हे तुम्हाला तिकडे कुणी सांगितलं नसेल. कुणाची मोडकी बाज, कुणाचं जुनं दार, आणि चोरीला गेलेलं होळीवर दिसलं तरी परत घ्यायचं नाही, रागवायचंही नाही, असा रिवाज. वरच्या गल्लीची होळी मोठी की खालच्या गल्लीची, यावर मुलांची इज्जत टांगलेली. त्या दुष्काळी वर्षी गावात चोरायला लाकूडच नव्हतं. आणि वाळलेल्या काट्यांचा केवढा ढीग कुठे आहे, हे आमच्या मुलांना चांगलंच ठाऊक होतं. तो त्यांनीच रचला होता.

वरच्या गल्लीला वाटलं, आपण एवढासाच कोपरा नेतोय. खालच्या गल्लीला वाटलं, दुसऱ्या बाजूचा थोडासा नेला तर काय बिघडतं. संध्याकाळी दोन्हीकडे माणसाच्या दुप्पट उंचीच्या होळ्या उभ्या राहिल्या आणि माळाभोवती कुंपण म्हणावं असं काही राहिलं नाही.

मास्तर नैवेद्य घेऊन होळीला आले. एका बोरीच्या फांदीकडे पाहिलं, मग दुसऱ्या फांदीकडे. मुलं एकमेकांच्या पाठीमागे सरकली. रिवाजाप्रमाणे मास्तर काही बोलू शकत नव्हते. प्रदक्षिणा घातली, नैवेद्य टाकला, हात जोडले. होळी भडकली तेव्हा एवढंच म्हणाले, “झ्याक पेटली. चांगलं वाळलं हुतं.” आणि घरी जायच्या ऐवजी माळाकडे चालू लागले.

मुलांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी धुळवड. दुपारी सगळ्यांची गुरं सुटणार. भुकेली गुरं एका दिवसात गवत मुळापर्यंत ओरबाडतील, आणि आठवड्याने ग्रामसभेला दाखवायला पुन्हा तोच मुरूम.

धुळवडीच्या सकाळी मी माळावर गेले तेव्हा मास्तर एकटे नव्हते. आदल्या दिवशीचे चोर सगळे हजर होते. रंग खेळता खेळताच आले होते, लाल, हिरवे, काळे, ओळखू न येणारे. हाताला हात लावून माळाभोवती उभे राहिले होते. मुली आल्या, त्यांचे धाकटे भाऊ आले. कुणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत माळाला एक रंगीत, खिदळणारं कुंपण झालं, आणि गुरं आली की ते एकदम ओरडायचं, “हाऽऽऽल्या!”

जवळपासचे काटे तर आम्ही आधीच वापरून टाकले होते, नवे लांबून बैलगाडीने आणायचे होते. रोज थोडंथोडं कुंपण पुढे सरकायचं. तोवर शाळा कुंपणावर. होय, खरंच! मुख्याध्यापकांनी आयुष्यात एकदाच धाडस केलं आणि तास माळावर हलवले. वर्ग गोल न बसता एका ओळीत उभे, प्रत्येकात हातभराचं अंतर, पाठ गवताकडे, तोंड गुरांकडे. गणिताचे सर सतराचा पाढा एका टोकाला सोडायचे, एकेकाने एकेक पायरी म्हणत तो दुसऱ्या टोकाला पोचायचा. मी ओळीपुढून चालत इंग्रजी शिकवायची, आणि लांबच्याला ऐकू जावं म्हणून उत्तरं ओरडूनच द्यावी लागायची. वर्गात तोंड न उघडणारी मुलं माळावर गर्जायला लागली. “व्हॉट इज धिस?” “धिस इज अ काऽऽऊ!” समोर गाय असायचीच.

आणि एके दिवशी समोर म्हैस आली. गयाबाईंची. तिच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. गयाबाई दोर धरून सरळ ओळीकडे चालत आल्या आणि नेमक्या आपल्या मुलीपुढे उभ्या राहिल्या.

“सुमे, बाजूला व्हय.”

सुमन हलली नाही.

“ऐकू येत न्हाय व्हय? म्हैस मरायलीय. तुझ्या फीचं दूध हिच्यातनंच निघतंय. व्हय बाजूला.”

“न्हाय, आई.” आणि ती मुकी मुलगी ओरडली, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं. “ही माझी जागा हाय!”

“घरी ये, मग दावते तुझी जागा!”

कुणी हसलं नाही. ओळीतल्या प्रत्येक घरी एखादं तसंच जनावर होतं. मास्तर धावत आले. एकदा म्हशीकडे बघितलं, एकदा सुमनकडे. मी त्यांना तीन वर्षांत प्रथमच हतबल पाहिलं. मग ते घमेल्यावर बसावं तसे खाली उकिडवे बसले, म्हशीच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि ताडकन उठले.

“पाटील मंडळी! विळे!”

“सर, कापायचं?” मुलं चकित.

“बी तर गळून पडलंय कवाच. आता ही नुसती काडी. वरनं कापा, मुळाला हात लावायचा न्हाय. तोंड आत न्हाय, पेंढी भायेर!”

पहिली पेंढी सुमनने कापली. तिनेच ती आईपुढे टाकली. म्हैस आवाज करत खायला लागली. गयाबाईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “एवढीशीच? कंजूस मास्तरची कंजूस पोरगी.” दुसरी पेंढी स्वतःच उचलून डोक्यावर घेतली.

त्या दिवसापासून ओळीपुढे बायकांची दुसरी ओळ लागली. गुरं बाहेर, पेंढ्या बाहेर, मुळं आत. निम्मं गवत कापायचं, निम्मं उभं ठेवायचं, हा मास्तरांचा हट्ट. भांडणं झाली, पण नियम मोडला नाही. पुढच्या वर्षी होळीच्या आधी मास्तरांनी काय केलं माहीत आहे? पुन्हा फुटलेली सगळी वेडी बाभूळ तोडून रस्त्याच्या कडेला तिचा मोठा ढीग घातला आणि त्यावर स्वतःच्या सुरेख अक्षरात पाटी लावली, ‘चोरण्यासाठी’. दोन्ही गल्ल्यांनी तो मोठ्या इमानदारीने चोरला.

पण ते पुढचं. त्याआधी ग्रामसभा झाली, आणि त्या दिवशी तर पुढचं वर्ष येणार की नाही हेच ठरायचं होतं. मारुतीच्या देवळापुढे सगळं गाव जमलं. मुलं देवळाच्या भिंतीवर ओळीने बसली होती, त्यांना मत नव्हतं. आम्ही बायका एका कडेला. चेअरमन उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “गवत उगवलंय, मी न्हाय म्हनत न्हाय. मास्तरचं कौतुक हाय. पर गवत कुठं बी उगवतंय. दूध थंड करायची मशीन कुठं बी बसत न्हाय. गावाचा फायदा बघा.”

माना हलल्या. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला आणि पुन्हा खाकरला. तेवढ्यात माझ्या शेजारून गयाबाई उठल्या.

“चेअरमनसाहेब, त्या मशीनीत घालायला दूध कुठनं आननार?”

“तुमीच घालनार की, गयाबाई.”

“आन् म्हशीला काय घालू? तुमच्या इमारतीच्या विटा?”

सभा खदखदली. चेअरमनही हसले. “तुमची म्हैस सोसायटीची सभासद हाय का, गयाबाई? लई बोलायलीय.”

“सभासद मी हाय. पर दूध तिचं हाय. ह्या आठवड्यात मी डेअरीला दूध घातलंय ते मास्तरच्या माळाचं घातलंय. हितं बसलेल्या सगळ्या बायकांनी घातलंय. इमारत रस्त्याच्या कडंला बांधा, न्हायतर तुमच्या वाड्यात बांधा. माळ मिळायचा न्हाय.”

बायकांच्या बाजूने एकदम कालवा उठला. सरपंच म्हणाले, हात वर करा, माळ शाळेकडं राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी. बायकांचे हात वर गेले, कित्येकींचे पहिल्यांदाच. माझाही. मग दूध घालणाऱ्या पुरुषांचे. भिंतीवरच्या सगळ्या मुलांनी तर दोन-दोन हात वर केले. सरपंच ओरडले, “ए पोरांनो, हात खाली! मोजता येईना!” एकानेही खाली केला नाही. चेअरमननी चारी बाजूंना नीट नजर फिरवली, धोतर सावरलं आणि आपलाही हात वर केला. “मी बी तेच म्हनत हुतो.”

टोप्या उडाल्या. कुणीतरी देवळातली घंटा बडवायला लागलं. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की मास्तर सभेला आलेलेच नव्हते. कुंपणाला अजून एक मोठं खिंडार होतं, आणि सगळं गाव इथं असताना माळाजवळ कोण, म्हणून ते तिथं थांबले होते.

भिंत रिकामी झाली. मुलं धावत सुटली, त्यांच्यामागे मी, साडी वर धरून, सभ्यता वगैरे सगळी विसरून. शाळेला वळसा घातला आणि माळ समोर आला. पार पलीकडच्या टोकाला, खिंडारात, दोन्ही हात पसरून ती किडकिडीत आकृती उभी होती आणि एका बैलाशी काहीतरी वाद घालत होती. मुलांनी त्यांना पाहिलं आणि एकच आरोळी ठोकून सगळीच्या सगळी सरळ गवतात घुसली, सुमन सर्वांत पुढे. “सर! सर! माळ आपला! माळ आपला झाला!”

मास्तर वळले. त्यांनी ऐकलं असणार. एवढा आवाज तिकडे दर्ग्यापर्यंत गेला असेल. हात तसेच पसरलेले ठेवून ते जिवाच्या आकांताने ओरडले,

“ए पाटलांनो! कडंनं या! कडंनं! गवत तुडवू नका!”

सगळी मुलं जागच्या जागी थिजली. मग एकेक पाय जपून उचलत, उड्या मारायच्या त्या पोटातच दाबून, मागे आली. आणि गावाने दिलेली ती बातमी एकामागे एक अशा लांबलचक ओळीने, सबंध माळाला वळसा घालून, त्यांच्याकडे निघाली.